नाव हरवलेला आकडा: झीरो माईलपासून लिनक्सच्या ट्रेसपर्यंत

(ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण पळून जाऊ नका. ज्या फोनवर हे ऐकताय, त्याच फोनच्या पोटात ही गोष्ट घडते. आणि सुरुवात तर अगदी आपल्या बर्डीपासून करायची आहे.

सीताबर्डीला मेट्रोतून उतरलात आणि किल्ल्याच्या बाजूने थोडं चालत गेलात की झीरो माईलचा दगडी खांब लागतो. शेजारी ते चार घोडे. फोटो सगळेच काढतात, पण खांबावर काय कोरलंय ते फार कमी लोक वाचतात. ब्रिटिश सर्वेक्षणाच्या काळातला हा खांब. त्यावर गावांची नावं आणि मैलांचे आकडे आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, चांदा १२५, शिवनी ७९. हा खांब देशाचा खरोखर मध्य आहे की नाही, यावर वाद घालणारे घालोत. तो वाद आज बाजूला ठेवू.

आज एवढंच बघा. समजा उद्या कोणी त्या खांबावरून गावांची नावं घासून टाकली आणि आकडे तसेच ठेवले. ३१८, १७०, १२५, ७९. आकडे सगळे बरोबर आहेत, एकही खोटा नाही. पण त्यांचा उपयोग काय? ३१८ मैल कुठे? माहिती शाबूत आहे आणि अर्थ मात्र गेला.

आजचा विषय हाच. नाव हरवलेला आकडा. आणि हा प्रकार लिनक्स कर्नलमध्ये अनेक वर्षं कसा चालू होता, तो कसा सुटला, आणि माझ्या एका मित्राची नोकरी त्यापायी कशी टांगणीला लागली होती.

तारेचा जमाना

आधी थोडं मागे जाऊ. भारतात तारेची पहिली प्रायोगिक लाइन १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली. विल्यम ओशॉघनेसी नावाच्या डॉक्टरने ते काम केलं. आणि आपल्याकडची तार बंद कधी झाली? बीएसएनएलने १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा घेतल्या. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा शाळेत होते.

तारेत पैसे शब्दांवर लागायचे. म्हणून शुभेच्छांसाठी तार खात्याने एक सोय केली होती. ठरावीक वाक्यांची यादी, आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक. दिवाळीच्या शुभेच्छा, लग्नाच्या शुभेच्छा, परीक्षेत पास झाल्याबद्दल अभिनंदन. तुम्ही खिडकीवर फक्त क्रमांक सांगायचा. तारेवरून जायचा तो क्रमांक. पलीकडच्या ऑफिसात तारबाबू यादी बघून पूर्ण वाक्य कागदावर उतरवायचा. घरातल्या जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये अशी एखादी तार चिकटवलेली सापडेल बघा. ते सुंदर इंग्रजी वाक्य ना काकांनी लिहिलेलं असतं ना मामांनी. ते यादीतलं असतं.

या पद्धतीचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: यादी दोन्ही टोकांना एकच हवी. समजा पाठवणाऱ्याकडे नवी यादी आहे आणि घेणाऱ्याकडे जुनी. तर लग्नाच्या घरी परीक्षेत पास झाल्याचं अभिनंदन पोहोचेल. तारेत काही बिघाड नाही, मशीनमध्ये नाही, तारबाबूचीही चूक नाही. तरी निरोप चुकला.

ही गोष्ट डोक्यात ठेवा.

कॉम्प्युटरने हीच युक्ती उचलली

कॉम्प्युटरला आकडे स्वस्त आणि शब्द महाग. म्हणून आत सगळं आकड्यांत चालतं आणि माणसासमोर आलं की नाव लावलं जातं. युनिक्समध्ये एखादं काम फसलं की एक एरर क्रमांक मिळतो. २ म्हणजे फाइल सापडली नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २५ ची गंमत आहे. त्याचा जुना मजकूर होता, 'हा टाइपरायटर नाही'. कारण त्या काळी युनिक्स ज्यावर चालवायचे ते टर्मिनल टाइपरायटरसारखंच असायचं. पुढे टाइपरायटर गेले, क्रमांक राहिला. मग एखाद्या प्रोग्रॅमने जुना पडलेला एरर क्रमांक न तपासता छापला की ईमेल न पोहोचण्याचं कारण म्हणून माणसाला दिसायचं: टाइपरायटर नाही. लोक डोकं धरून बसायचे.

सी भाषेत आकड्याला नाव द्यायचे दोन मार्ग आहेत. एक डिफाइन आणि दुसरा एनम. एनम जरा उशिरा आलं. केर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत ते नव्हतं, १९८९ च्या प्रमाणित सी मध्ये आहे. वापरायला दोन्ही सारखेच वाटतात. कॉलेजात आपल्याला सांगतात, 'एनम वापरा, जास्त स्वच्छ दिसतं'. बरोबर आहे. पण दोघांत एक फरक आहे आणि आजची सगळी गोष्ट त्या फरकावर उभी आहे.

तुम्ही लिहिलेला सी प्रोग्रॅम दोन टेबलांवरून जातो असं समजा. पहिल्या टेबलावर एक कारकून बसलाय, त्याचं नाव प्रीप्रोसेसर. त्याला सी येत नाही. त्याला फक्त शोधा-आणि-बदला येतं. डिफाइन दिसलं की नाव खोडून तिथे आकडा लिहितो आणि कागद पुढे सरकवतो. दुसऱ्या टेबलावर कंपायलर साहेब. त्यांना सी येतं. एनम म्हणजे काय, कोणत्या नावाचा आकडा किती, हे फक्त त्यांनाच कळतं. कारकुनाला एनममधलं नाव दिसलं तर तो त्याला हातही लावत नाही. त्याच्यासाठी तो एक साधा शब्द.

म्हणजे डिफाइनचा आकडा पहिल्या टेबलावरच ठरतो आणि एनमचा दुसऱ्यावर. एवढंच लक्षात ठेवा.

कर्नलच्या आत डोकावायची खिडकी

आता कर्नल. फोनमध्ये कोणतं ॲप कधी चालेल, मेमरी कोणाला मिळेल, स्क्रीनला हात लावला की काय होईल, हे सगळं कर्नल बघतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे. तो चालू असताना आत काय चाललंय हे बघायचं कसं? गाडी थांबवून बॉनेट उघडता येत नाही, धावत्या गाडीत बघावं लागतं.

यावर खूप लोकांनी काम केलं. २००४ मध्ये लिनक्सच्या २.६.९ मध्ये केप्रोब्स आलं, चालू कर्नलमध्ये हव्या त्या ठिकाणी टोचून बघायची सोय. त्यातलं बरंच काम आयबीएमच्या बेंगळुरूच्या इंजिनिअरांनी केलंय. पुढे हीच सोय साध्या प्रोग्रॅमांसाठी आणणारं युप्रोब्स २०१२ मध्ये आलं, त्याचे मुख्य लेखक श्रीकर द्रोणमराजू, तेही आयबीएमचे. 'भारतात कर्नलचं काम होतं कुठे?' असं कोणी विचारलं तर ही दोन नावं सांगा.

२००५ मध्ये सन कंपनीच्या सोलारिस १० मध्ये डीट्रेस आलं आणि लिनक्सवाल्यांना जरा लाज वाटू लागली. त्यांच्याकडे इतकी छान खिडकी आणि आपल्याकडे तुकडे तुकडे. कॅनडात मॅथ्यू डेनोये एलटीटीएनजीवर काम करत होता, त्याच्याकडून ट्रेसपॉइंटची कल्पना कर्नलमध्ये आली. स्टीव्हन रोस्टेड्टचं एफट्रेस ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७ सोबत आलं. आणि २००९ मध्ये ट्रेस_इव्हेंट नावाचा मॅक्रो आला. हा आपला आजचा नायक, आणि थोडा खलनायकही.

ट्रेसपॉइंट म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये मुद्दाम ठेवलेली खूण. इथून काम गेलं की नोंद करा. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्या कामावर वळला, नोंद. डिस्कवर काही लिहिलं, नोंद. या नोंदी सेकंदाला हजारोंनी होतात. प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य लिहीत बसलं तर कर्नल तेवढंच करत राहील. म्हणून नोंद आकड्यांत होते, कच्च्या बाइट्समध्ये, मेमरीतल्या एका गोल बफरमध्ये. तारेसारखंच. क्रमांक पाठवा, वाक्य पलीकडे.

आणि यादी? ट्रेस_इव्हेंटची हुशारी इथे आहे. प्रत्येक खुणेसोबत कर्नल स्वतःच एक फॉरमॅट नावाची फाइल देतो. कोणत्या बाइटपासून कोणतं फील्ड, आणि छापायचं कसं. छापायच्या ओळीत प्रिंट_सिंबॉलिक नावाची सोय असते, तिच्यात जोड्या दिलेल्या असतात: हा आकडा असेल तर हे शब्द छापा. म्हणजे तारेसोबत यादीही जाते. पर्फ किंवा ट्रेस-सीएमडी यांसारखी टूल ती फाइल वाचतात आणि कच्च्या बाइट्सचं वाक्य करतात. यादी पाठ करायची गरज नाही.

कल्पना सुंदर. पण एक भोक राहिलं होतं.

भोक कुठे होतं

ती फॉरमॅट फाइल तयार कोण करतो? पहिल्या टेबलावरचा कारकून. ट्रेस_इव्हेंट हा मॅक्रो आहे, आणि छापायची ओळ मजकूर म्हणून साठवायचं काम प्रीप्रोसेसरच करतो. जोडीतलं नाव डिफाइनचं असेल तर तो आधी आकडा घालतो आणि मग मजकूर करतो, सगळं ठीक. पण नाव एनमचं असेल तर? त्याला कळतच नाही. तो नाव जसंच्या तसं लिहून ठेवतो.

खरं उदाहरण घ्या. प्रोसेसरमध्ये टीएलबी नावाची पत्त्यांची छोटी वही असते. ती वेळोवेळी पुसावी लागते, आणि का पुसली याचं कारण एका ट्रेसपॉइंटमध्ये नोंदवलं जातं. काम बदललं म्हणून, दुसऱ्या प्रोसेसरने सांगितलं म्हणून, वगैरे. ही कारणं एनममध्ये आहेत. फॉरमॅट फाइलमध्ये जोडी अशी दिसायची: टीएलबी_फ्लश_ऑन_टास्क_स्विच असेल तर 'फ्लश ऑन टास्क स्विच' छापा. पण टीएलबी_फ्लश_ऑन_टास्क_स्विच म्हणजे किती? शून्य? एक? ते फाइलमध्ये नाही. ते फक्त कर्नलचा सोर्स कोड ज्याच्याकडे आहे त्याला माहीत.

आता मजा बघा. त्याच मशीनवर कर्नलची ट्रेस नावाची फाइल उघडून वाचली तर सगळं व्यवस्थित दिसतं. कारण तिथे छापणारा कर्नल स्वतः, आणि त्याला कंपायलरने आकडे दिलेत. पण तीच नोंद कच्च्या स्वरूपात बाहेर काढून टूलने वाचली की नाव गायब. म्हणजे एकाच घटनेचे दोन साक्षीदार, एक बोलतो आणि दुसरा गप्प. यामुळेच हा दोष पटकन हाती लागत नाही. ज्याने ट्रेसपॉइंट लिहिला त्याने ट्रेस फाइल उघडून बघितली, छान दिसलं, काम संपलं.

टूल लिहिणाऱ्यांनी तात्पुरता उपाय काय केला? ट्रेस-सीएमडी आणि पर्फ जी लायब्ररी वापरतात तिच्यात काही नेहमीच्या नावांचे आकडे हाताने लिहून ठेवले. टायमर_सॉफ्टआयआरक्यू म्हणजे १, नेट_टीएक्स म्हणजे २, असं. तारबाबूने भिंतीवर चिकटवलेली यादी. पण कर्नलमध्ये २००९ च्याच सुमारास या रांगेच्या मधोमध एक नवं नाव घुसलं आणि पुढचे सगळे एकेक घर सरकले. टास्कलेट ५ चा ६ झाला. भिंतीवरच्या यादीला हे आपोआप कसं कळणार?

आणखी एक खोडी होती. त्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीत एखादं नाव ओळखता आलं नाही तर त्याची किंमत शून्य धरली जायची. पुढे हे सुधारलं गेलं. पण तेव्हा याचा परिणाम असा की खरा आकडा शून्य असला तर यादीतलं पहिलंच नाव छापलं जायचं, आणि बाकी सगळे आकडे निनावी. आता हे ज्या पोराला माहीत नाही त्याला काय वाटेल? काही ओळींत नाव नीट येतंय, म्हणजे टूल तर काम करतंय!

ते पोरगं म्हणजे मी.

मे महिन्यातलं तिकीट मशीन

पहिल्या नोकरीतली गोष्ट. आम्ही एक हातात धरायचं तिकीट मशीन बनवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. कोणासाठी ते सोडा. आत एक स्वस्त बोर्ड आणि बोर्डासोबत आलेला जुना कर्नल, ३.१८. मे महिन्यात तक्रारी यायला लागल्या. दुपारी मशीन इतकं हळू होतं की कंडक्टर बटण दाबतो आणि तिकीट यायच्या आत पुढचा स्टॉप येतो. बस भरलेली, लोक ओरडून राहिले, आणि संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर विचारणा कंडक्टरलाच.

बोर्डाच्या ड्रायव्हरमध्ये एक ट्रेसपॉइंट होता. प्रोसेसरचा वेग कमी केला की कारणासकट नोंद. मी दिवसभराची कच्ची नोंद काढून आणली आणि लॅपटॉपवर उघडली. शून्य असेल तिथे 'कारण नाही' असं नीट लिहून येत होतं. दुपारच्या ओळींत मात्र नावाची जागा रिकामी आणि कंसात फक्त ३.

टीमकडे एक एक्सेल शीट होतं, कोणीतरी कधीतरी बनवलेलं. त्यात ० कारण नाही, १ बॅटरी कमी, २ तापमान, ३ ॲपची मागणी. झालं. तीन म्हणजे ॲपची मागणी. म्हणजे आपलंच ॲप वेग कमी करायला सांगतंय.

ॲप लिहिणारा माझा मित्र प्रोबेशनवर होता. दोन आठवडे तो स्वतःच्या कोडमध्ये न केलेली चूक शोधत बसला. मीटिंगमध्ये माझाच चार्ट लावून त्याला विचारलं जायचं, 'हे तीन काय आहे, सांग.' एक दिवस बर्डीवर तर्री पोहे खाताना तो मला म्हणाला, 'भाऊ, मी ते फंक्शन कुठं बोलावूनच नाही राहिलो. तू एकदा तुझंच तपासून पाय ना बे.' मला राग आला. आकडे खोटं बोलत नाहीत, असं काहीतरी मोठेपणाने बोललो मी.

पण रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मशीनवरच ट्रेस फाइल उघडली आणि मशीन उन्हात खिडकीत ठेवलं. नागपूरचं ऊन, वेळ लागला नाही. दहा-पंधरा मिनिटांत ओळ आली, कर्नलने स्वतः छापलेली. कारण: तापमान. कंसात ३.

ड्रायव्हरची हेडर फाइल उघडली. एनममध्ये बॅटरीनंतर एक नवं कारण घातलेलं होतं, चार्जरची मर्यादा. त्यामुळे तापमान २ चं ३ झालं आणि ॲपची मागणी ४ वर गेली. शीट जुनं होतं. लग्नघरी पास झाल्याचं अभिनंदन पोहोचलं होतं, आणि पोहोचवणारा तारबाबू मी होतो.

मित्राची माफी मागितली, त्याच मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. त्याने पुढे पोह्यांचे पैसे वर्षभर माझ्याकडून घेतले ते वेगळं. मशीनच्या मागे उष्णता पसरवणारी पट्टी बसली आणि दुपारचा गोंधळ थांबला.

२०१५ चा उपाय

गंमत म्हणजे या दोषावरचा उपाय तेव्हा आधीच आलेला होता. फक्त आमच्या कर्नलपेक्षा नवा होता. जून २०१५ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१ मध्ये रोस्टेड्टनेच ट्रेस_डिफाइन_एनम नावाचा मॅक्रो घातला. तो कसा चालतो हे समजून घेण्यासारखं आहे, कारण फार मोठं यंत्र न लावता काम झालंय.

ट्रेसपॉइंटच्या हेडरमध्ये प्रत्येक एनम नावासाठी एक ओळ लिहायची. हा मॅक्रो त्या नावाच्या दोन प्रती करतो. एक प्रत अवतरण चिन्हांत, म्हणजे नुसता मजकूर. ती कारकुनाची. दुसरी प्रत तशीच, ती जाते कंपायलर साहेबांकडे आणि ते तिथे खरा आकडा भरतात. झाली जोडी: नाव आणि किंमत. अशा सगळ्या जोड्या लिंकर एका ठिकाणी गोळा करतो. मग मशीन सुरू होताना कर्नल प्रत्येक छापायची ओळ वाचतो, त्यात हे नाव सापडलं की तिथल्या तिथे खोडून आकडा लिहितो. अवतरणातल्या मजकुराला हात लावत नाही, नाहीतर छापायचे शब्दच बदलतील. नाव लांब असतं आणि आकडा आखूड, म्हणून नवी जागा लागत नाही. नंतर एखादं मॉड्यूल लोड झालं तर त्याच्याही जोड्या लावल्या जातात.

म्हणजे जे काम पहिल्या टेबलावर होऊच शकत नव्हतं ते ढकललं तिसऱ्या टेबलावर, मशीन चालू होण्याच्या क्षणी. आणि भिंतीवरची यादी? कर्नलमधल्या सॉफ्टआयआरक्यूच्या नावांनाही हाच मॅक्रो लावला गेला. २०१७ मध्ये लक्षात आलं की मजकुरात साइझऑफ लिहिलं तरी हाच घोळ होतो, मग त्यासाठीही तीच युक्ती वापरली.

तुमच्यावर वेळ आली तर

इंजिनिअर श्रोत्यांसाठी थोडक्यात, कारण मेसेज नक्की येतील.

पहिलं, मशीनवरची ट्रेस फाइल आणि टूलचा रिपोर्ट शेजारी ठेवा. एकीकडे नाव आणि दुसरीकडे नुसता आकडा किंवा रिकामी जागा असेल तर हाच आजार.

दुसरं, त्या इव्हेंटची फॉरमॅट फाइल उघडा. कंसातल्या जोडीत डावीकडे आकडा दिसला तर कर्नलने आपलं काम केलंय, टूल जुनं आहे का बघा. डावीकडे मोठ्या अक्षरातलं नाव दिसलं तर दोष कर्नलच्या बाजूला.

तिसरं, कर्नल ४.१ च्या आधीचा आहे का? असेल तर हा मॅक्रो नाहीच. आम्ही शेवटी त्या ड्रायव्हरमधलं एनम काढून साधे डिफाइन लिहिले. कारकुनाला जे कळतं तेच त्याला दिलं.

चौथं, कर्नल नवा आहे, मॅक्रोही लिहिलाय, तरी नाव तसंच? ट्रेस_सिस्टिम बघा. या जोड्या ट्रेस सिस्टिमच्या नावासकट साठवल्या जातात. जोडी एका सिस्टिमच्या हेडरमध्ये आणि इव्हेंट दुसऱ्या सिस्टिमचा, तर कर्नल ती लावत नाही. कर्नल बनवताना इव्हॅल_मॅप फाइलचा पर्याय चालू ठेवला असेल तर सगळ्या जोड्या तिथे वाचायला मिळतात.

पाचवं, छापताना नाव आणि आकडा दोन्ही छापा. टीएलबीच्या ट्रेसपॉइंटमध्ये तेच केलंय, आमच्याही ड्रायव्हरमध्ये होतं. कंसातला तो ३ नसता तर मशीनवरची ओळ आणि लॅपटॉपवरची ओळ एकच आहे हे मला जुळवताच आलं नसतं.

आणि आज?

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स चालू केले की सिस्टिम ट्रेसिंग नावाचा पर्याय दिसतो, अँड्रॉइड ९ पासून. एखादा गेम अडकतोय असं वाटलं तर तिथून नोंद घेऊन पर्फेटोच्या वेबपानावर उघडता येते. रंगीत पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांमागे हेच ट्रेसपॉइंट आणि याच फॉरमॅट फाइली आहेत.

दुखणं पूर्ण गेलंय का? नाही. काम बदलण्याच्या ट्रेसपॉइंटमध्ये जुनं काम कोणत्या अवस्थेत होतं याचा आकडा असतो. चालू, झोपलेलं, डिस्कची वाट बघणारं. कर्नल ४.१४ मध्ये या अवस्थांचे आकडे नव्याने लावले गेले. म्हणून पर्फेटोला ट्रेस वाचताना कर्नल कोणत्या आवृत्तीचा हे बघून यादी निवडावी लागते.

दुसरीकडे, २०१८ पासून लिनक्समध्ये बीटीएफ नावाची गोष्ट आली आणि २०१९ च्या ५.२ पासून कर्नल आपल्या सगळ्या प्रकारांचं वर्णन, एनमची नावं आणि किमती धरून, स्वतःसोबत बाळगू शकतो. डीट्रेसवाल्यांकडे अशी सोय २००५ पासून होती. चौदा वर्षं उशीर झाला, पण यादी आता मशीनच्याच खिशात आहे.

मी मात्र एक सवय लावून घेतली. कुठल्याही शीटमध्ये आकडा आणि नाव लिहिताना वर एक ओळ जास्त लिहितो: ही यादी कोणत्या आवृत्तीच्या कोणत्या फाइलमधून घेतली. आणि आकडा कोणाच्या नावावर चिकटवण्याआधी एकदा मशीनलाच विचारतो.

पुढच्या वेळी बर्डीवर आलात तर झीरो माईलचा खांब जरा जवळ जाऊन वाचा. घोड्यांसोबत सेल्फी नंतर. तिथे कोणाला शीट उघडावं लागत नाही, गाव आणि मैल एकाच दगडावर आहेत.

चला, भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि उन्हात फोन सांभाळा!